हवाई की रस्त्यानं?

वडखळ नाक्यावर गाडीची काच खाली करून कुणी "अलिबाग अजून किती?" म्हणून विचारलं, की टपरीवरचा एक जण "आलंच" म्हणतो, दुसरा "अर्धा तास धरा" म्हणतो, तिसरा आधी गाडी कुठली ते बघतो. नाना तिथं असले तर ते बशीतला चहा संपवतात, बशी कपाखाली नीट ठेवतात, डावा डोळा मिटतात आणि विचारतात, "हवाई की रस्त्यानं?"

गाडीतल्या माणसाची पंचाईत होते. मागे बायको, पोरं, टपावर बांधलेल्या बॅगा. आपण हवाई जाऊ शकतो असा कुणाचा समज व्हावा, असं त्याच्या गाडीत काहीच नसतं. तो पुटपुटतो, "रस्त्यानंच की." तरी नाना आधी हवाई अंतर सांगतात. मग रस्त्याचं सांगतात, पण ते सांगताना त्यांचा चेहरा सोयरीक मोडल्याची बातमी सांगणाऱ्या माणसासारखा होतो.

नाना डोलवीचे. घर महामार्गाच्या अलीकडे, कंपनीची धुराडी ओटीवरून दिसतात असं. (कंपनी आधी इस्पात होती, आता जेएसडब्ल्यू आहे, गावाच्या तोंडी ती तेव्हाही कंपनी होती आणि आजही कंपनीच.) सबंध नोकरी जमीन मोजण्यात गेली. खात्याचा हुद्दा भूकरमापक, पण गावात 'मोजणीवाले नाना'. आता निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही म्हणून ते आकाश मोजतात, आणि पोरंटोरं त्यांना मागे 'हवाई नाना' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

हा डावा डोळा मिटण्याचा प्रकार नोकरीतलाच. जमिनीवर सरळ रेघ आखायची तर तीन झेंडे लागतात. पहिल्या झेंड्यामागे उभं राहून एक डोळा मिटायचा. तिसरा झेंडा दुसऱ्याच्या पोटात पूर्ण लपला की रेघ सरळ. नानांनी खारजमिनीच्या चिखलात, बांधांवर, काटेरी शिवारात इतके झेंडे एकमेकांमागे लपवले, की आता समोर माणूस आला तरी त्यांचा डोळा आपोआप मिटतो. हा ओळीत उभा आहे की नाही, हे ते बघतात. बहुतेक माणसं नसतात.

साखळीचंही तसंच. उतारावर जमीन मोजताना साखळी जमिनीला टेकवायची नसते. ती आडवी, ताणून धरायची, टोकाला ओळंबा सोडायचा, तो जिथं टेकेल तिथं खुंटी ठोकायची, आणि पुन्हा तिथून पुढे. पायऱ्या पायऱ्यांनी टेकडी उतरायची. कारण नकाशात डोंगराचा चढ धरत नाहीत. नकाशाच्या लेखी डोंगर सपाट. माझ्या मते नानांची सगळी श्रद्धा इथून आली. चढ, उतार, वळण, खड्डा हे सगळं वरवरचं आहे, मूळ अंतर त्याच्या खाली शांत आणि सरळ पडून आहे, असं ते मानतात. काही लोक आत्म्याबद्दल असंच बोलतात. त्यांना आपण महाराज म्हणतो.

हवाई अंतर काढायची नानांची रीत बघण्यासारखी आहे. पूर्वी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा आणि नानींच्या शिवणाच्या डब्यातला दोरा असे. आता फोनवर अक्षांश-रेखांश मिळतात. फोन अंतरही आयतं सांगतो, पण ते नाना घेत नाहीत. दुसऱ्यानं मोजलेलं ते का मानतील? वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर गणित सुरू होतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, हे कुठंही साधारण तेवढंच. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण उत्तरेकडे सरकावं तसा आटत जातो. "आपल्या डोलवीला येईतो साडेपाच-सहा किलोमीटर आटलाय बघ," नाना हळहळून सांगतात, जणू मधल्या कुणीतरी ते खाल्ले. म्हणजे इथं एक अंश साडेएकशेपाच किलोमीटरचा. मग उत्तर-दक्षिण फरक एक बाजू, पूर्व-पश्चिम फरक दुसरी बाजू, आणि कर्ण पायथागोरस काढून देतो. डोलवी ते गेटवे ऑफ इंडिया: तेहेतीस किलोमीटर. नाना आकड्याखाली दोन रेघा मारतात.

तेहेतीस! आणि रस्त्यानं? पेण, पनवेल, वाशी, मानखुर्द करत ऐंशीच्या पुढं. पूर्वी मुंबईहून धरमतरला बोट यायची तेव्हाची माणसं यापेक्षा सरळ जात होती, हे नाना दर पावसाळ्यात एकदा ऐकवतात.

या दोन आकड्यांच्या भागाकाराला नानांनी नाव दिलंय, 'वाकडेपणा'. रस्त्याचं अंतर भागिले हवाई अंतर. मुंबईचा वाकडेपणा अडीच. पुण्याचा सव्वा ते दीडच्या मध्ये. मध्ये घाट असूनही पुणं सरळ, याचं नानांना दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं. रेवसहून समोरच्या करंज्याचे दिवे डोळ्यांनी दिसतात, पण रस्त्यानं जायचं तर सगळ्या खाडीला वळसा; तिथला वाकडेपणा वीसच्या वर जातो. तो आकडा नाना वहीत लिहीत नाहीत. त्यांना तो अपशकुनी वाटतो. रेवस-करंजा पुलाची बातमी पेपरात आली की ती मात्र कापून ठेवतात. अंतुले साहेबांच्या काळापासूनची कात्रणं आहेत, पिवळी पडलेली.

आणि वहीच्या पहिल्या पानावर, जिथं इतर लोक 'श्री' काढतात तिथं, समृद्धी महामार्ग आहे. आमणे ते नागपूर ७०१ किलोमीटर. त्याचा वाकडेपणा एकाला जेमतेम धक्का लावून परत येतो. २०२५च्या जूनमध्ये तो पुरता खुला झाला तेव्हा नानांनी घरी शिरा करायला लावला. नागपूरला त्यांचं कुणी नाही. पण तिथं झिरो माइलचा दगड आहे, आणि तिथून पुढं हिंगणघाटला लॅम्बटनची कबर आहे. हा लॅम्बटन १८०२ साली मद्रासहून हिंदुस्थान मोजायला निघाला, वीस वर्षं त्रिकोणावर त्रिकोण रचत उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ साली हिंगणघाटला मोजता मोजताच गेला. गावातली माणसं पंढरपूर, शिर्डी, अष्टविनायक करतात. नानांना हिंगणघाट करायचं आहे.

"मग जा की एकदा," मी म्हटलं.

"समृद्धीला लागायला आधी आमण्यापतुर पोचायला पायजे," नाना म्हणाले. "त्यो रस्ता कवरा वाकडा हाय बघितलाव?"

आपल्या दारातल्या महामार्गाबद्दल नाना सहसा बोलत नाहीत. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायला घेतला २०११ साली. मधल्या काळात गावातली पोरं शाळेतून कॉलेजात गेली, कॉलेजातून कंपनीत लागली, त्यांची लग्नं झाली, त्यांची पोरं शाळेत गेली. "चौऱ्याऐंशी," नाना फक्त एवढंच म्हणतात. "योनी पन तेवऱ्याच." म्हणजे किलोमीटरमागं एक लाख. एरवी पुराणातल्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही, पण हा जुळला म्हणून ठेवलाय.

एस.टी.शी त्यांचं भांडण जुनं आहे, पण प्रेमाचं. एस.टी.चं भाडं टप्प्यावर. एक टप्पा सहा किलोमीटरचा. सात किलोमीटर गेलात तरी दोन टप्पे. नानांचं म्हणणं, आपण जिथून बसलो आणि जिथं उतरलो त्यांतलं सरळ अंतर एका टप्प्यात बसतंय, तर बाकीचं वळण महामंडळानं स्वतःच्या हौसेसाठी घेतलं. कंडक्टर सगळे त्यांना ओळखतात. एक पोरगेला कंडक्टर नवा आला होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं, यंत्रावर अर्धं तिकीट काढलं आणि म्हणाला, "नाना, सरळ अंतराचे पैसे द्या आणि सरळ जावा. मी गाडी वळणानं आणतो, पेणला भेटू." नानांना तो आवडला. त्याचा वाकडेपणा कमी आहे म्हणाले.

नानींचं अंतराचं गणित वेगळं. त्यांचं परिमाण डब्यातलं. सकाळची तांदळाची भाकरी मऊ असेपर्यंत जिथं पोचतो ते जवळ: पेण, नागोठणे, रोहा. वाटेत एकदा डबा उघडावा लागतो ते लांब: पुणं. आणि लाडूच न्यावे लागतात ते परदेश. मुलगी न्यू जर्सीला दिली तेव्हा नानांनी नातवाचा पृथ्वीचा गोल मांडीवर घेऊन त्यावर दोरा ताणला. जगाच्या सपाट नकाशात मुंबईहून न्यूयॉर्क म्हणजे नाकासमोर पश्चिमेला, अरबस्तान, आफ्रिकेचं टोक, समुद्र. गोलावर दोरा ताणला तर तो वर सरकतो, रशियावरून जातो आणि निम्म्या वाटेवर थेट स्वीडनजवळ निघतो. साडेबारा हजार किलोमीटर, आणि त्यातला सगळ्यात जवळचा रस्ता बर्फातून. नानांचा चेहरा उजळला. नानी म्हणाल्या, "तितनं लाडू कडक हुतील."

नानांच्या श्रद्धेला धक्के बसले नाहीत असं नाही. कंपनीतल्या एका इंजिनिअर पोरानं एकदा सहज सांगितलं, की विमानसुद्धा हवाई अंतरानं जात नाही. मुंबईची मोठी धावपट्टी पूर्व-पश्चिम. वारा समुद्रावरून असेल तर गोव्याला जाणारं विमानही आधी पश्चिमेला समुद्रावर उडतं, मग वळसा घेऊन दक्षिणेला लागतं, आणि वाटेत ठरवून दिलेल्या खुणांवरून वाकत वाकत जातं. विमानतळ ते विमानतळ सरळ रेघ सव्वाचारशे किलोमीटरच्या आत. विमान त्याहून जास्त उडतं. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इमान वाकरं गेलं, त्याला अंतर काय करनार?" मी विचारलं, मग या अंतरानं जातं तरी कोण? त्यांनी खाजणाकडे बोट केलं. तिथून एक बगळा उठला होता. आम्ही दोघं बघत राहिलो. बगळा थोडा सरळ गेला, खाली मासा दिसला असावा, तसा वळला आणि परत येऊन बसला.

दुसरा धक्का रेल्वेचा. पुतण्यानं गोव्याला बारशाला जायचं म्हणून मुंबई-मडगाव तिकीट काढलं. त्यावर अंतर छापलेलं: ७६५ किलोमीटर. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रूळ मोजले तर सहाशेच्या आत बसतात. कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर इथून जवळ, रोह्याला, तो त्यांचा पाठ. मग हे वरचे कुठून आले? नंतर कळलं, की डोंगर पोखरून, दऱ्यांवर पूल टाकून ही रेल्वे बांधली, त्याचा खर्च निघावा म्हणून भाड्यापुरतं अंतर चाळीस टक्के फुगवून धरतात. म्हणजे आपण जातो एवढं आणि पैसे देतो तेवढ्याचे. मला वाटलं नाना आता चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी वहीत तिसरा रकाना आखला. हवाई, रस्ता, भाडं. "सरकार पन माझ्यासारखंच हाय," ते समाधानानं म्हणाले. "नसलेलं अंतर धरतंय."

खरी धमाल प्लॉटवाल्यांनी केली. जानेवारी २०२४ला अटल सेतू सुरू झाला, पुढच्या वर्षी ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि पेण तालुक्यात वडापावपेक्षा एजंट स्वस्त झाले. ही जमात अंतर किलोमीटरमध्ये सांगतच नाही. तिची भाषा मिनिटांची: स्टेशन पाच मिनिटं, समुद्र वीस मिनिटं, मुंबई पंचेचाळीस मिनिटं. ही मिनिटं कुणाची, कितीच्या सुमाराची, हे विचारायचं नसतं. त्यांतल्या एकाला नाना सापडले. त्यानं प्रेमानं विचारलं, नानांनी प्रेमानं गणित केलं, आणि पत्रकावर छापून आलं: 'आंतरराष्ट्रीय विमानतळापासून अवघे ३३ कि.मी.' गंमत अशी, की आकडा बरोबर होता. आख्ख्या पत्रकात तेवढाच.

एका रविवारी ठाण्याचं एक कुटुंब प्लॉट बघायला आलं. पळस्प्यापासूनच गाड्या खोळंबलेल्या. गृहस्थ उतरले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि हातात ते पत्रक होतं. एजंटानं शहाणपणानं नानांना पुढं केलं.

"हे तेहेतीस किलोमीटर तुम्ही मोजलेत?"

"व्हय."

"कुठल्या रस्त्यानं?"

"रस्त्यानं नाय. हवाई."

"अहो, हवाई म्हणजे?"

नानांनी डावा डोळा मिटला. "इमानतळाचं अंतर हाय ना? मंग हवाईच धरायला पायजे."

गृहस्थांच्या बायकोला हसू आवरेना. गृहस्थांनी प्लॉट घेतला नाही, पण जाताना नानांकडून ठाण्याचं हवाई अंतर तेवढं लिहून घेतलं. एजंटानं त्यानंतर नानांना चहा पाजणं बंद केलं.

कंपनीतली परप्रांतीय पोरं मात्र नानांना मानतात. झारखंड, ओडिशा, बिहार. खोल्यांत दाटीवाटीनं राहतात, संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. रांचीकडचा एक वेल्डर आहे. त्याला गावी जायचं म्हणजे आधी मुंबई गाठायची, मग दीड-दोन दिवस गाडीत. नानांनी त्याच्या गावाचं गणित करून दिलं: सरळ रेघेत पावणेचौदाशे. पोरगा आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नानाजी, इस लाइन पे रिझर्वेशन मिलता है क्या?" सगळे हसले. पण त्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि रात्री घरच्यांना फोनवर सांगताना ऐकला: फार लांब नाहीये म्हणे, चौदाशेला कमीच.

नानांचा कळस झाला तो पुतणीच्या लग्नात. स्थळ करंज्याचं. मुलगा चांगला, घरचं चांगलं, देण्याघेण्याचा घोळ नाही. अडलं ते हॉलवर. मुलाकडचे म्हणाले उरणला, मुलीकडचे म्हणाले पेणला. नाना मध्ये पडले. "दोगांना सारखं लांब व्हईल आसं करू. मधोमध." सगळ्यांना पटलं. नानांनी दोन्ही घरांचे अक्षांश-रेखांश घेतले, बेरीज करून निम्मे केले, आणि बैठकीत फोनवर बोट ठेवलं. माणसं वाकून बघू लागली. मध्यबिंदू खाडीत होता. तिवरांत, चिखलात, जिथं भरतीला पाणी आणि ओहोटीला निवटे.

मुलाचे मामा अनुभवी माणूस. त्यांनी विचारलं, "पार्किंग हाय का?"

हॉल पेणलाच ठरला. मुहूर्ताच्या दिवशी वऱ्हाड करंज्याहून तरीनं रेवसला उतरलं आणि तिथून गाड्यांनी वेळेत पोचलं. मुलीकडची निम्मी माणसं डोलवीहून निघून महामार्गावर एका कंटेनरच्या मागे अडकली. त्यांत नाना होते. भटजी घड्याळ बघत होते, मामा दारात उभे. नानांचा फोन आला: "सुरू करू नुका. आमी हवाई चारच किलोमीटरवर हाव." मुहूर्त गेला. दुसरा काढला.

जेवणं झाली, फोटो झाले, पाठवणीची वेळ आली. मुलीची आई गाडीच्या दाराला धरून हमसाहमशी रडत होती. बायका समजावत होत्या, नानीही पदर डोळ्याला लावून होत्या. नाना गर्दीतून पुढं आले, वहिनींच्या शेजारी उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "रडू नुको वयनी. फकस्त वीस किलोमीटर हाय."

त्या थांबल्या. डोळे पुसले. पहिल्यांदाच नानांच्या आकड्याचा कुणाला तरी खरा उपयोग झाला, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. मग त्यांनी नाक ओढत विचारलं, "आनि रस्त्यानं?"

नाना खोटं बोलत नाहीत. त्यांनी डावा डोळा मिटला, थोडं थांबले आणि म्हणाले, "पंचावनच्या वर."

मग जो हंबरडा फुटला तो उरणपर्यंत ऐकू गेला असेल. हवाई.